अक्काच्या हातचा पांढरा रस्सा

वसुबारसेला अंगण धुताना आई घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "या दिवाळीत ह्या हाताला काम नाही." इतक्या दुखण्यातही दवाखान्यातून बाहेर पडताना आई किंचित हसत होती. लग्न झाल्यापासून कुणी तिला असं काही सांगितलं नव्हतं.

मी पुण्याहून सुट्टीला आलेच होते. फराळ विकत आणला, लक्ष्मीपूजन आणि पाडवाही उरकला. राहिली भाऊबीज. मला भाऊ नाही, त्यामुळे त्या दिवशी माझ्याकडे फक्त जेवायचं काम असतं. पण बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, दरवर्षी नेसरीहून त्यांना ओवाळायला येते. सोबत तिचे यजमान असतात. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. त्या दुपारी राजारामपुरीतल्या आमच्या घरी मटण शिजतं. तसं ते घरोघरी शिजतं. चार दिवस गोड खाऊन वैतागलेलं अख्खं कोल्हापूर भाऊबीजेच्या सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं असतं.

"खानावळीतनं मागवू या," आई म्हणाली.

बाबांना ते ऐकूनच लागलं. "अक्का आपल्याला जत्रंला बोलावून स्वतःच्या हातचं खायला घालती. आणि मी तिला खानावळीचं वाढू व्हय?"

अक्काच्या हातचं जेवण हा बाबांचा ठेवणीतला विषय. नेसरीला जत्रेला जाऊन आलो की पुढं कितीतरी दिवस आमच्या घरात पांढऱ्या रश्श्याचं परीक्षण चालायचं. आई नेहमीसारखं जीव ओतून रांधायची. बाबा पहिला भुरका मारायचे, वाटी खाली ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "चांगला झालाय. पण अक्काच्या हाताला जी चव हाय, ती न्यारीच." 'चांगला झालाय' हे कौतुक आहे असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत असे. आईही कधी चिडायची नाही. "व्हय, तो रस्सा खरंच चांगला असतो," म्हणून भाकरी वाढायची. मला तिच्या सहनशीलतेचं आश्चर्य वाटायचं, आणि थोडा रागही यायचा.

तर बाबांनी जाहीर केलं, की यंदाचं मटण ते स्वतः करणार. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला हा माणूस तोवर चहापलीकडे गेला नव्हता. पण चवीतलं आपल्याला कळतं यावर त्यांचा ठाम विश्वास होता, आणि ज्याला चव कळते त्याला करताही येतं, असं त्यांचं मत होतं.

भाऊबीजेच्या सकाळी ते मटण घेऊन आले, ते खाटकाशी भांडून खास मांडीचं मिळवल्याच्या तोऱ्यात. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला.

"कांदा किती?" बाबांनी विचारलं.

"मला काय विचारताय? तुमच्या अक्काला विचारा की. तिच्यासारखाच करायचाय न्हवं?"

यात टोमणा होता की सल्ला, ते कळायला मार्ग नव्हता. बाबांनी तो सल्ला मानला आणि आत्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"अक्का, पांढऱ्या रश्श्याला खसखस किती घालतीस गं?"

पलीकडं खाकरल्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, "घाल की अंदाजानं."

"आणि काजू?"

"ते बी अंदाजानंच. आता गाडीत बसायलोय, ठेव." आमच्या आत्यासारख्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखंच 'आलो, गेलो' करतात. "आणि हे बघ, लई काय करत बसू नको."

"बघितलंस?" बाबा मला म्हणाले. "जे खरे जाणकार असतात ना, त्यांचं माप हातात असतंय."

आईनं खुर्चीतच तोंड पदरात लपवलं. मला वाटलं, हात ठणकत असेल.

मटण शिजलं, ते मात्र बरं शिजलं. हळद-मीठ-आलं-लसणातलं ते बिनतिखटाचं पाणी, ज्याला आम्ही अळणी म्हणतो, त्याचा वास घरभर दरवळला. बाबा अंघोळीला गेले तेव्हा आईनं मला हळूच खुणावलं. "त्यातली पातेलंभर अळणी काढून फ्रीजमध्ये ठेव. आणि एक नारळ खोवून ठेव. बाबांना सांगू नको."

"का?"

"असू दे."

कारण तासाभरातच कळलं. बाबांनी नारळाचं दूध रश्श्यात ओतलं आणि गॅस मोठा केला. रश्श्याला चांगली खळखळून उकळी आली पाहिजे, असं त्यांना वाटत होतं. ती आली. आणि रस्सा फाटला. वर पिवळसर पाणी, खाली पांढरे कण, नासलेल्या दुधासारखं. बाबा पळीनं ते जोरजोरात ढवळू लागले, जणू दमदाटी केली तर तो पुन्हा एकजीव होईल.

नेमकी तेव्हाच दारात आत्याची हाक आली. ती आत आली, प्लास्टरवरून हात फिरवून आईची चौकशी केली आणि ओवाळणीचं ताट तयार करायला लागली. बाबा पाटावर बसले. ओवाळताना त्यांचं अर्धं लक्ष गॅसकडं होतं. आत्यानं कपाळाला लावलेला टिळाही घामानं नाकावर उतरला.

मामा मात्र बैठकीत बसलेच नव्हते. ते थेट स्वयंपाकघरात गेले, पातेल्यावरचं झाकण उचललं आणि ओरडले, "आरं, ह्यो कुणी फाडला?"

बाबा ओशाळून उठले. "दाजी, तुम्ही बाहेर बसा. अक्का बघंल ते."

"ती काय बघतीया कप्पाळ!" मामांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "तिला भात लावाय येतोय, तोबी खाली लागतोय. अळणी शिल्लक हाय का पावणं, का सगळी ह्यात ओतली?"

मी फ्रीजमधलं पातेलं काढून दिलं. मामांनी आईकडं बघितलं, आईनं मान हलवली, आणि दोघंही जुन्या भागीदारांसारखे हसले. पुढच्या अर्ध्या तासात मामांनी काजू, खसखस आणि तीळ मिक्सरला लावले, खोबऱ्याचं दूध पिळलं, मंद आचेवर एका दिशेनं पळी फिरवत राहिले आणि सारखे बोलत राहिले. तरुणपणी ते कुस्ती शिकायला कोल्हापुरात तालमीत राहिले होते. कुस्ती फार काही जमली नाही. पण पैलवानांचं मटण शिजवायची पाळी आली की सगळे यांनाच पुढं करायचे. "चितपट रोज व्हायचो, पण जेवायला कुणी मला सोडून बसत नव्हतं," ते म्हणाले. लग्नानंतर जत्रेचं मटण परसातल्या चुलीवर तेच करत आले. मी लहानपणी त्यांना परसातून घाम पुसत येताना कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं, म्हशींचं बघून आले.

बाबा तेवढा वेळ दाराशी उभं राहून ऐकत होते. "म्हणजे अक्का... तो रस्सा..."

आत्या ओवाळणीचं ताट आवरत होती. तिच्या चेहऱ्यावर काडीचीही लाज नव्हती. "मी कवा म्हटलो, मी करतो म्हणून? तूच पुढच्या सोप्यात बसून 'अक्का, काय चव, काय चव' म्हणत होतास. पावण्यांसमोर बाप्या माणूस चुलीपाशी बसतोय म्हणून गावानं ह्येंची टिंगल केली असती. म्हणून मी गप्प बसलो. आणि भाऊ कौतुक करतोय, तर न्हाय कशाला म्हणू?"

बाबा आईकडं वळले. "तुला ठाऊक होतं?"

"लग्नानंतरच्या पहिल्या जत्रंलाच. मी पाणी आणायला परसात गेलेली."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" आई म्हणाली. "आणि राग कशाचा यायचा? दाजींचा रस्सा माझ्यापेक्षा चांगला असतोच. तुम्ही नाव चुकीचं घेत होता, एवढंच."

आम्ही जेवायला बसलो. रस्सा अप्रतिम झाला होता. आईला डाव्या हातानं भाकरी तोडता येईना, तेव्हा बाबांनी भाकरीचे तुकडे करून दिले. मग त्यांनी भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि सवयीनं खिडकीकडं बघितलं. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो. शेवटी म्हणाले, "मीठ बरोबर झालंय." मीठ तेवढं खरोखर त्यांनी घातलं होतं.

आईचा हात आता बरा आहे. बाबा मात्र स्वयंपाकघर सोडायला तयार नाहीत. दर रविवारी मामांना फोन लावून ते रस्सा करतात. अधूनमधून तो अजूनही फाटतो, पण पूर्वीइतका नाही. मागच्या महिन्यात मी घरी गेले होते, त्या दिवशी आईनं केला होता. बाबांनी पहिला भुरका घेतला आणि म्हणाले, "चांगला झालाय. पण माझ्या परवाच्या रश्श्याला जी चव होती ना..."

आईनं त्यांना आणखी एक भाकरी वाढली.