आडवी बाटली

आमचे मिस्त्री चहासुद्धा आधी हुंगायचे, मग प्यायचे. टपरीवाला चिडायचा, "मिस्त्री, जहर नाही टाकलं!"

"थांब गा, नाकाले पहिले जेवू दे."

गोऱ्या माणसाच्या तोंडी नागपुरी म्हणून हसू नका. मिस्त्री इटलीचे. दुसऱ्या महायुद्धात कैदी होऊन इकडे आले, सुटल्यावर राहिले आणि नागपूरजवळ वाडीत ट्रक दुरुस्त करू लागले; मी त्यांच्या हाताखाली. तिकडे त्यांच्या घरी पाच पिढ्यांचा द्राक्षमळा आणि वाइनचं तळघर. सन सत्तरच्या सुमारास धाकट्या भावाला ते सगळं विकावं लागलं. त्याने शेवटच्या हंगामाची एक बाटली पाठवली. सोबत निरोप : मी येतोच, दोघं मिळून उघडू.

उन्हाळ्यात मिस्त्री चार महिने चंद्रपूरला खाणीच्या कामावर गेले. त्यांची खोली टिनाची, म्हणून बाटली नागपुरात महाल भागातल्या माझ्या घरी आली.

"ओल्या वाळूत आडवी निजव तिले. उभी नको करू."

आता माझं शहाणपण ऐका. आमच्याकडे तेलाची बाटली आडवी दिसली तरी आई किंचाळते. इथे तर तिसऱ्याच दिवशी बुचाजवळ लाल थेंब! मी बाटली उभी करून कपाटावर ठेवली. नागपूरचा अख्खा उन्हाळा ती तिथे उभी होती. मिस्त्री यायच्या सकाळी परत वाळूत निजवली आणि इमानदार चेहरा केला.

भाऊ आलाच नाही. दिवाळीनंतर तो वारल्याचं पत्र आलं. त्या संध्याकाळी मिस्त्रींनी मला बोलावलं, बूच काढलं, दोन पेले भरले. हुंगून जरा थांबले. मग एका दमात पेला रिकामा केला.

मी घोट घेतला. दात आंबले. जन्मात वाइन न चाखलेला मी म्हणालो, "वा! मस्त आहे."

मिस्त्री दिवसभरात पहिल्यांदा हसले. "सिरका झाला गा हा. बूच वाळलं, हवा शिरली."

मी सगळं कबूल केलं. मान वर होईना.

"वासालेच समजलं होतं मले."

"मंग तुम्ही पिलात काहून?"

"भावानं भरली होती ना."

उरलेल्यात त्यांनी कांदा चिरून टाकला. आठ दिवस भाकरीसोबत तोच खात होते, एकटेच.

दोन वर्षांनी मिस्त्रीही वारले. भावाच्या जुन्या पाकिटावरून पत्ता उतरवून मी त्या घरी पत्र टाकलं. घरात जे कोणी राहत असतील, त्यांना कळावं म्हणून.

पत्र परत आलं. पाकिटावर कोणीतरी हाताने इटालियनमध्ये चार शब्द लिहिलेत. ते वाचून सांगेल असा माणूस नागपुरात एकच होता.