अवघड तेवढेच शब्द

बाइंडरला इंग्रजी येत नव्हतं. अवघड शब्द तेवढे येत होते.

दुकानात जुने इंग्रजी-मराठी शब्दकोश शिवायला यायचे. खळ लावताना एखादा शब्द डोळ्यांत भरला, की अर्थासकट पुठ्ठ्याच्या कपट्यावर उतरवायचा आणि कपटा खिशात. रोज एक. नेहमीचे शब्द त्याला नको असत. "ते काय, कुणालाही येतात," म्हणायचा. त्याला मात्र तेवढेच येत नसत.

त्याची थोरली बहीण टपाल कचेरीतून निवृत्त झालेली. तिचं इंग्रजी कचेरीपुरतं, पण चोख.

"ताई, तू फार गॅर्युलस आहेस."

"म्हणजे?"

"तोंडाची टकळी थांबत नाही, अशी."

"मग मराठीत म्हण की मेल्या. भांडायला बरं पडतं."

यंदा त्याचे टाके वाकडे पडू लागले. सुईत दोरा ओवून घ्यायला तो शेजारच्या शिंप्याकडे जाऊ लागला. ताईने त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डोळ्यांत थेंब घालायला त्याला आतल्या खोलीत बसवलं, तेव्हा तिने डॉक्टरला गाठलं. "वाईट असेल तर त्याच्यासमोर इंग्रजीत बोला. नजरेवरच पोट आहे त्याचं. ऐकून खचेल. घरी नेऊन मी सांगते बेताबेताने."

डॉक्टर भला माणूस. त्याने मान डोलावली.

तपासणी झाली. बाइंडर खुर्चीत बसला, ताई शेजारी. डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाला, "द डिक्लाइन इन बोथ इज ग्रॅज्युअल, बट इनेक्सोरेबल."

ग्रॅज्युअल. तिचा जीव भांड्यात पडला. हळूहळू येणारं संकट अडवता येतं. शेवटचा शब्द तिच्या कचेरीत कधी आला नव्हता. ते त्या आजारावरच्या औषधाचं नाव असेल, असं तिला वाटलं. ती हसऱ्या चेहऱ्याने भावाकडे वळली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कितीही गयावया केली तरी न थांबणारं," तो डॉक्टरला म्हणाला. "असाच अर्थ ना?"

डॉक्टरने मान खाली घातली.

हे इंग्रजी ताईने स्वतःच्या तोंडाने मागून घेतलं होतं. त्यातलं जे लपवायचं तेवढंच नेमकं त्याला कळलं होतं. आणि तिला ते त्याच्याकडून कळलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "बाकीचे सोपे होते, ते नाही कळले मला. एक डोळा की दोन्ही? एकावर भागवीन मी. शिवेन कसंतरी."

तिने डॉक्टरकडे पाहिलं.

"सांग ना. तुला येतात ते."

तिने त्याचा खळीने खरखरीत झालेला हात धरला.

"दोन्ही रे," ती म्हणाली.