चिंध्या बांधलेले माड

पडदा वर जातो. चौलची वाडी, कोवळं ऊन, पाटातून खेळणारं पाणी, दोन्ही बाजूंना माड आणि पोफळी. माडांच्या बुंध्यांना रंगीत चिंध्या. उजवीकडून सगुणाबाई येतात, पदर खोचलेला, हातात विळा. टाळी पडावी असा प्रवेश, पण प्रेक्षक मी एकटा.

सन एकतीसचा मार्गशीर्ष. दत्ताच्या जत्रेला आमची नाटक मंडळी आली की मुक्काम सगुणाबाईंच्या वाडीत. त्यांचे यजमान चांगदेव नाटकवेडे. संसाराची तजवीज मात्र सगळी बाईंकडे. अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांनी वर्षाचा खर्च माडांवरच वाटून टाकला होता. लाल चिंधीचे माड सरकारचे. त्यांच्या नारळांतून जमिनीचा धारा भरायचा. पाहुणे कितीही येवोत, त्यातला नारळ स्वयंपाकाला फुटत नसे. पांढरे माड घर शाकारण्याचे. पिवळा माड मुलीचा. सत्यवतीला अलिबागला मावशीकडे राहून सातवी करायची होती, पुढे मास्तरीण व्हायचं होतं. आणि विहिरीजवळचा सर्वांत जास्त फळणारा, हिरव्या चिंधीचा माड चांगदेवांच्या हौसेचा.

धाऱ्याचा हप्ता भरायच्या आधी नवराबायको वाडीत फिरून चिंध्या नव्याने ठरवीत. त्या वर्षी नारळाचा भाव पडला होता, धारा होता तेवढाच. सरकारला आणखी एक माड द्यावा लागणार होता. घराचे माड काढले तर पावसाळ्यात डोक्यावर छप्पर नाही. उरले पिवळा आणि हिरवा.

"तलाठी काय पळून जातोय?" चांगदेव म्हणाले. "चैतात भरू."

"आन् दंड बसंल तो कुठल्या माडातनं देनार?"

"मग सत्यवतीची शाळा एक साल थांबंल. पोर काय म्हातारी होतेय?"

पोफळीखाली सुपाऱ्या वेचणाऱ्या सत्यवतीचे हात थांबले.

"एक साल थांबली की सोयरीक येईल," सगुणाबाई म्हणाल्या. "मग सातवी कोन करील, तुम्ही?"

बाईंनी विहिरीकडे मान वळवली.

"तो न्हाय," चांगदेव घाईने म्हणाले. "नाटकवाल्यांनी खायाचं काय?"

"जेवन माझ्या चुलीवर होतंय. त्या माडातनं तुम्ही शाली वाटता. राजा मेला, घे शाल. रानी रडली, घे शाल."

राणी मीच होतो. मागल्या जत्रेची शाल माझ्या खांद्यावर होती.

"बुवा, तुम्ही तरी सांगा हिला," चांगदेव म्हणाले.

सत्यवती माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "यजमान, शाल मिळाली नाही तरी राणी तेवढीच रडेल."

चांगदेवांना हसू आवरेना. तसेच विहिरीपाशी गेले. हिरव्या चिंधीची गाठ त्यांनीच मारलेली, सुटता सुटेना. सत्यवती विळा घेऊन धावली. हिरवी उतरली, लाल चढली. पिवळीला कोणी हात लावला नाही, आणि पुढच्या जूनमध्ये पोरगी अलिबागला गेली.

पण त्या सकाळी मला फार अवघडल्यासारखं झालं. मी हळूच शाल उतरवून घडी घालू लागलो. सगुणाबाईंनी पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या, बुवा," त्या म्हणाल्या. "ती मागल्या सालची हाय, तिचा हिशेब मिटला. यंदा नुसतं पोटभर जेवा."