आइस्क्रीम वेल आणि अम्मीचा आंबा

धरणाकाठच्या एका रिसॉर्टच्या माळ्याकडून अब्बांनी आइस्क्रीम वेलीची काडी आणली आणि परसात खोचली. दोन पावसाळ्यांत कुंपण गुलाबी फुलांनी झाकून गेलं. पौडच्या बाजारातलं दुकान बंद करून आले की अब्बा आधी तिच्यापुढे उभे राहायचे. घरी येईल त्याला फोटो काढायला लावायचे. मीही हिंजवडीच्या ऑफिसात ते फोटो मिरवले.

मग वेल आंब्यावर चढली. तो आंबा अम्मीनं कोय रुजवून वाढवलेला. यंदा गावभर मोहर आला, आमच्या आंब्यावर मात्र नुसती गुलाबी फुलं. अम्मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आंब्याकडे बघत राहायची.

एका रविवारी शेजारच्या वहिनी कोयता घेऊनच आल्या.

"चाचा, तुमची ही बया माज्या वालाच्या मांडवावर आलीया. आन् आंब्याला ऊन कुटं मिळतंय? गुदमारलाय त्यो."

"अहो, पण फुलं बघा की!"

"फुलं लई ग्वाड हायेत. पर आंबा ऱ्हायचा न्हाई."

अब्बांनी खिडकीकडे पाहिलं. मग चपला काढल्या, लुंगी वर खोचली आणि हात पुढे केला. "द्या तो कोयता."

बुंध्याजवळचे वेलीचे दोर त्यांनी सपासप तोडले. वरून लोंबणारा जाड पिळा आम्ही तिघांनी धरला. ओढला, पण वेल हलेचना! तेवढ्यात ओढणी कमरेला बांधत अम्मी बाहेर आली आणि सगळ्यांच्या पुढे उभी राहिली.

"बिस्मिल्ला म्हणा आणि ओढा!"

कर्रकन आवाज झाला आणि अख्खी वेल गोधडीसारखी घसरून आमच्या अंगावर आली. आम्ही चौघंही आडवे! वर फुलं, कानाशी मधमाश्या, काही दिसेना.

"अम्मी कुठंय?" मी ओरडले.

"खाली! काढा मला!" ती म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून तिला उठताच येईना.

जमिनीखाली हिचे कंद असतात, ते राहिले की ती पुन्हा फुटते, असं मी मोबाइलवर वाचलं होतं. अब्बांनी टिकाव घेतला. रताळ्यासारखे कंद निघू लागले आणि आम्हाला चेवच चढला. "हा बघा!" "अजून एक!" एक तर चांगला नारळाएवढा निघाला. जेवणाची कुणालाच आठवण नव्हती. दुपार उलटली तेव्हा आम्ही मातीनं माखलो होतो आणि आंब्याच्या फांद्यांमधून ऊन थेट जमिनीवर पडलं होतं. अम्मी बुंध्यावरून हात फिरवत होती.

मोहर काही यंदा आला नाही, पण उन्हाळ्यात फांद्यांना तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली. वेलही संपलेली नाही. मातीत राहिलेल्या तुकड्यांतून कोंब येतातच. अब्बा सकाळी चहाच्या आधी खुरपं घेऊन परसात उतरतात.

"सापडला!" ते आनंदानं ओरडतात.

"हिकडं बी हाय एक," कुंपणापलीकडून वहिनी ओरडतात, "या लवकर!"