लाटवाले काका

लाटवाल्या काकांच्या हॉलमध्ये पाहुण्यांनी एकमेकांकडे तोंड करून बसायची सोयच नव्हती. सगळ्या खुर्च्या भिंतीलगतच्या काचेच्या टाकीकडे वळवलेल्या. टाकीत खारं पाणी, त्यात जिवंत प्रवाळं आणि लाटा उठवणाऱ्या दोन छोट्या मोटरी. पुण्याच्या बिबवेवाडीत समुद्र म्हणजे एवढाच. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. काकू म्हणायच्या, "जन्मभर पाणी अडवलं, आता फिरवत बसलेत."

मी वरच्या मजल्यावर राहायची. ऑफिसातून येताना डोकावलं की काका टाकीत चिमूटभर खाणं सोडायचे आणि ते कुठं कुठं फिरतंय ते बघायला लावायचे. "प्रवाळ जागचं हलत नाही. ताट त्याच्यापुढं न्यावं लागतं, ते पाणी नेतं." मग मोटर सरळ त्याच्यावरच का नाही रोखत, असं मी एकदा विचारलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "तोंडावर टेबलफॅन सोडला तर तू नीट जेवशील का?" त्यांच्या मोटरी काचेकडे रोखलेल्या. पाणी काचेला आपटायचं आणि मऊ होऊन माघारी यायचं.

पुढं काकांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि नागपूरच्या मुलीनं दोघांना कायमचं बोलावून घेतलं. एवढ्या प्रवासात प्रवाळं तग धरणार नाहीत, म्हणून टाकी कुणाच्या हाती द्यायची, हा एकच घोर काकांना लागला. मागणारे पुष्कळ आले. एका बाईंना ती सोफ्याला मॅचिंग वाटली. "मग पडदे घ्या," काका म्हणाले. एका गृहस्थांनी विचारलं, रात्री मोटर बंद ठेवली तर चालेल ना? "आपण रात्री श्वास बंद ठेवता का?" गृहस्थ चहा न घेताच उठले. टाकी मलाही हवी होती, पण मागायची छाती होईना.

अशात एका दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली आणि काका नेमके दातांच्या डॉक्टरांकडे. काकूंनी मला हाक मारली. पाणी थांबलं की प्रवाळं गुदमरतात, एवढं ठाऊक होतं. मी प्लास्टिकचा मग घेतला आणि टाकीतलं पाणी उचलून पुन्हा काचेवर ओतत राहिले. हाताचे अगदी तुकडे पडले. काका आले, दारातच थबकले, मग जवळ येऊन म्हणाले, "मगाला साबण नव्हता ना?" बस्स. आभारबिभार काही नाही. चहा घेताना मात्र काकूंना म्हणाले, "टाकी वर जाईल."

टाकी वर आली, काका नागपूरला गेले, आणि त्यांचा फोनच नाही. मला फार लागलं. जिच्यावर एवढा जीव टाकला, त्या टाकीची साधी विचारपूससुद्धा नाही? शेवटी मीच फोन लावला. काकूंनी घेतला.

"अगं, रोज फोन हातात घेतात आणि ठेवून देतात. म्हणतात, मुलगी दिली ना एकदा? मग सारखी चौकशी करून सासरच्यांना बेजार करायचं नाही."

माझे डोळेच भरून आले. म्हटलं, काकू, आत्ताच्या आत्ता व्हिडिओ लावा. फोन टाकीपुढं धरला. प्रवाळं पुरती उमलली होती, पाण्याबरोबर डुलत होती. पलीकडे काकांनी चष्मा सावरून स्क्रीनला नाक लावलं. मग काका हळूच काकूंना म्हणाले, "बघ, अंगानं भरलीय पोर."