पाच शब्दांची उजळणी

टॅबवर हिरवी खूण आली आणि सरांनी चक्क टाळी वाजवली. "सुमन, पास!" शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, सुमनकाकू, कसनुसं हसल्या.

मी विरारच्या एका मेमरी क्लिनिकमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आंघोळ, स्वयंपाक, औषधं ही रोजची कामं माणसाला स्वतःची स्वतः जमत राहावीत, हे बघणं माझं काम. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, लवकर पकडायला आमच्याकडे एक ॲप आहे. ते पाच शब्द ऐकवतं, मध्ये भलतंच काही विचारतं आणि मग तेच शब्द परत मागतं. लवकर कळलं तर आजार बरा होत नाही. पण नवीन शिकण्याची ताकद असेतोवर बोलणारा औषधाचा डबा, घरचा रस्ता सांगणारं घड्याळ यांची सवय लावता येते. नंतर ती लागत नाही.

सर इथेच विरारला, मनवेलपाड्यात, दहावीचे क्लास घ्यायचे. काकू आमटीत दोनदा मीठ घालायला लागल्या, तेव्हा तेच त्यांना घेऊन आले. पहिल्यांदा स्कोअर काठावर होता, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. आता हिरवी खूण. डबा-घड्याळाच्या ट्रेनिंगची गरज नाही, असं ठरलं.

पुढच्या तपासणीलाही तेच. काकूंनी मला ओळखलं नाही, ॲपचे तेच पाच शब्द मात्र धडाधड म्हटले. मला खटकलं. मी ॲपच्या कंपनीला फोन लावला.

"शब्दांची दुसरी यादी आहे का?"

"इंग्लिशमध्ये आहेत ना मॅडम. मराठीची नेक्स्ट व्हर्जनला देतो."

ती यायच्या आत जवळच्या कळंबच्या किनाऱ्यावरून एका कोळीणबाईचा फोन आला. "तुमच्या दवाखान्याचं कार्ड हाय बायच्या पिशवीत. पानी पाजलंय, पन घर कुठं ते नाय सांगत."

त्या काकूच होत्या. दुसऱ्या दिवशी मी टॅब बाजूला ठेवला आणि माझ्या मनाचे पाच शब्द दिले. काकूंना एकही आठवला नाही. त्यांनी घाबरून सरांकडे बघितलं.

"हे पोर्शनमध्ये नव्हतं," सर पुटपुटले.

"सर, तुम्ही पाठ करून घेतलंत?"

"रोज सकाळी उजळणी. अहो, लोकांची नापास पोरं पास करून काढली मी. ही तर माझी बायको. तिला नापास होऊ देऊ?"

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

मग आम्ही ट्रेनिंग सुरू केलं. काकू घड्याळ काढून तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. डबा बोलला की दचकून त्याच्यावर टॉवेल टाकायच्या. शेवटी मी दोन्ही बंद केलं.

परवा त्यांच्या घरी गेले होते. सरांकडे बोट दाखवून विचारलं, "काकू, हे कोण?"

"क्लासचे सर. रोज येतात. चांगले आहेत, मारत नाहीत."

आणि न विचारता त्यांनी पाचही शब्द म्हणून दाखवले. विळी, छत्री, घंटा, पेरू, नदी. सरांनी मान खाली घातली.

आता चाचणीच्या वेळी मी नातेवाइकांना बाहेर बसवते. मराठीची दुसरी यादी अजून आलेली नाही.