बूड कापलेला तंबू

शारजात आमच्याकडे एक घडीचा तंबू होता. माझ्या मेहुण्याने त्याचं बूड चौकोनी कापून टाकलं होतं. शुक्रवारी सकाळी समुद्रात शिरलेल्या दगडी बांधावर तो न्यायचा, दोन दगडांमधल्या फटीवर उभा करायचा, कडांवर धोंडे ठेवायचे आणि आत बसून त्या भोकातून गळ सोडायचे. बाहेर उन्हाने डोळे दिपत. आत सावलीत पाणी तळापर्यंत दिसे. मेहुणा मालवणकडचा, पाण्यात वाढलेला. व्हिसा काढून मीच त्याला आणलं होतं, वर्कशॉपात लेथवर लावलं होतं. हे मी त्याला कधी विसरू दिलं नाही.

तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, रिळावरून नवाकोरा काढला की वेटोळी धरतो. तसाच पाण्यात सोडला तर नुसता गुंता. म्हणून समोरासमोर बसून आधी ताणायचा. एकाने टोक तळहाताला गुंडाळायचं, दुसऱ्याने रीळ धरून खेचायचं. पण गुंडाळण्याआधी हाताला फडकं बांधायचं, ही त्याच्या बापाची शिकवण.

त्या दिवशी बोलण्याच्या नादात त्याने उघड्या हातालाच वेढे दिले.

"भावोजी, ताईच्या कानाला काय झालं?"

"मला काय ठाऊक?"

"डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणे. तुम्ही सुट्टी संपवून आलात तेव्हापासून. आई फोनवर सांगत होती."

"मग तिलाच विचार ना."

"विचारलं. म्हणते, न्हाणीघरात पडले." तो हसला. "तुम्ही घरी असलात की बरी पडते आमची ताई! फरशी फारच घसरडी आहे वाटतं तुमची."

मी रीळ घट्ट धरलं. त्याला वाटलं, कामाला लागलो.

"थांबा हां, फडकं राहिलं."

थांबलो नाही. दोन्ही पाय त्याच्या गुडघ्यांना रोवले आणि मागे झोकून दिलं. तो ओरडला, "भावोजी, सोडा!" तेव्हा मी सोडू शकलो असतो. मी पुन्हा ओढलं, पहिल्यापेक्षा जोरात. तंगूस मांसातून खाली कुठेतरी कडक जागी जाऊन अडला, ते माझ्या बोटांना कळलं. मासा लागल्यावर कळतं तसंच. त्याचं रक्त भोकातून पाण्यात पडत होतं आणि खाली बारीक मासे त्यावर गोळा होत होते.

टॅक्सीत त्याने हात टॉवेलात दाबून धरला होता.

"मोठा मासा लागला, असं सांगायचं," तो म्हणाला.

"अरे, पण..."

"दोघांनीही. ताईला तुमच्याच घरात राहायचंय."

नसा तुटल्या होत्या. टाके सुकले तरी बोटं मिटेनात. फोरमनने त्याला लेथचा दांडा धरून दाखवायला सांगितलं. दांडा हातातून निसटला. "खलास," फोरमन म्हणाला, आणि मेहुणा गावी गेला. मासा किती ताकदीचा होता ते तिथेही रंगवून सांगायचा म्हणे.

पुढच्या सुट्टीत मी घरी जेवायला बसलो होतो. बायको वाढत होती.

"केवढा होता हो तो मासा?"

दाखवायला मी हात उचलला. तिने मान आत ओढली आणि डावा कान झाकला.